घरट्यातला राजा

स्वर्गीय नर्तकाला सगळे उडताना पाहतात. मी म्हणेन, त्याला बसलेला पाहावा, आणि तोही घरट्यात!

बुलबुलाएवढा हा पक्षी. चकचकीत काळे डोके, त्यावर तुरा, अंग दुधासारखे पांढरे आणि शेपटीची दोन पिसे फितीसारखी लांबच लांब. मध्य प्रदेशाने ‘दूधराज’ म्हणून याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. पण हे वैभव उपजत नसते. तरुण नर मादीसारखाच तांबूस, आखूड शेपटीचा असतो. लांब पिसे यायला दोन-तीन वर्षे जावी लागतात.

दाट सावलीच्या रानात तो उडता उडता माश्या-किडे टिपतो. विणीच्या दिवसांत बारीक काड्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून फांदीवर पेल्यासारखे घरटे होते. मादी उठली की हा राजा अंड्यांवर बसतो. शेपटी बाहेर लोंबत असते! जवळपास दोन आठवडे ही पाळी चालते. पुढे पिलांना भरवायलाही दोघे असतात.

घरट्याभोवतीची पाने हाच या संसाराचा पडदा. फोटो स्वच्छ यावा म्हणून हौशी मंडळी तोच पडदा छाटतात. मग पिलांना ऊन लागते, कावळ्याची नजर पडते. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना मी सांगतो, घरटे दिसले तर लांबूनच दुर्बीण लावा आणि लगेच पुढे चला. फोटो हवाच असेल तर हिवाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याशी या. तेव्हा त्याच्यामागे घरची जबाबदारी नसते.