उन्हाळ्यातली बसल्या जागेची कामे

पत्रावळी लावणे हे शहापूर-मुरबाडकडच्या वयस्कर माणसांना उन्हाळ्यात सहज जमणारे हातकाम. होळीच्या सुमारास फुललेल्या पळसाला त्यानंतर नवी पाने येतात, तीच पत्रावळीला घ्यायची. मधे एक रुंद पान, भोवती कडा एकमेकींवर चढवलेली पाने आणि बारीक काडीचा टाका. काडी टोचून वर काढली की उरलेला तुकडा मोडायचा. सुई-दोरा लागत नाही, नजर मंदावली तरी बोटांना अंदाज येतो. पान मात्र लवचिक हवे, कडक झाले की टोचताना फाटते. भातलावणीत डोक्यावर घ्यायचे इरले विणणे खरे कसबाचे. बांबू फोडून कामट्या काढायचे जोराचे काम तरुणांवर सोपवावे, वीण म्हाताऱ्यांनी घालावी. प्लास्टिकच्या कागदाने इरली मागे पडली, हे खरेच. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायलाही हेच कोरडे दिवस बरे.