यंत्राला आपली शिकवणी दिसते का?

दहावी झालेल्या मुलाला पुढे काय शिकवावे, हा प्रश्न रावेरमध्ये पूर्वी नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, केळीच्या वजनकाट्यावर किंवा शाळेतल्या मास्तरांना विचारला जात असे. आता तो मोबाइलला विचारला जातो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि जून २०२४ पासून भारतात व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय येऊ लागले. त्यामुळे ज्याच्याजवळ व्हॉट्सॲप आहे, त्याच्याजवळ सल्ला देणारे एक यंत्रही आहे. त्या यंत्राने पुण्याचे नाव घेतले तर मुलगा पुण्याचा विचार करतो, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला वर्ग त्याच्या लक्षातच येत नाही.

शिकविणे हा आता आपल्या समाजातही एक व्यवसाय झाला आहे. संगणक, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, वीजकाम, दहावी-बारावीची शिकवणी असे वर्ग तालुक्याच्या प्रत्येक गावी आढळतात. त्यांपैकी काहींनी स्वतःची वेबसाइट तयार करून तीवर धडे, फी आणि सराव परीक्षा ठेवल्या आहेत. अशा वेबसाइटवर पाच-दहा हजार रुपये खर्च केल्यावर मालक ती आपल्या मोबाइलवर उघडून पाहतो, रंग आवडतात आणि तो समाधानी होतो. परंतु माणसाला जे दिसते तेच यंत्राला दिसते असे नाही. हा फरक समजून घेण्यासाठी आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

एआयला एखादी गोष्ट दोन मार्गांनी कळते. पहिला मार्ग म्हणजे त्याची मूळ शिकवण. हे यंत्र तयार करताना कंपनी त्याला इंटरनेटवरचा अफाट मजकूर वाचावयास देते. कॉमन क्रॉल नावाची एक ना-नफा संस्था २००७ पासून जगभरच्या वेबसाइटची पाने गोळा करून ठेवते, तिच्या साठ्याचाही यासाठी मोठा वापर झाला आहे. हे वाचन एका ठराविक तारखेला थांबते. त्यानंतर सुरू झालेला वर्ग त्या स्मरणात असणे शक्य नाही. दुसरा मार्ग म्हणजे प्रश्न आल्याबरोबर इंटरनेटवर शोध घेऊन, चार-पाच पाने वाचून उत्तर देणे. लहान व नव्या संस्थेला खरी आशा आहे ती या दुसऱ्या मार्गाने.

पहिल्या मार्गाने कोण दिसतो, याचे चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, ही कंपनी स्थापन झाली. तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोहोचला. कोणत्याही एआयला एमएस-सीआयटी म्हणजे काय असे विचारा, उत्तर बरोबर मिळेल. ते केवळ एमकेसीएलच्या वेबसाइटमुळे नव्हे. शासकीय नोकऱ्यांच्या जाहिरातींत, शासन निर्णयांत, वर्तमानपत्रांत, महाविद्यालयांच्या सूचनांत हे नाव इतक्यांदा छापून आले आहे की यंत्राला ते पाठच झाले. पण हाच अभ्यासक्रम तुमच्या गल्लीत कोण शिकवतो, असे विचारले तर यंत्र गोंधळते किंवा मनानेच काहीतरी सांगते. अभ्यासक्रमाबद्दल हजारोंनी लिहिले, केंद्राबद्दल कोणीच लिहिले नाही. बाजारात ज्याचे नाव चार लोक घेतात त्याची पत वाढते, तसाच हा प्रकार आहे.

आता वाचण्याच्या अडचणीकडे येऊ. आमच्या मते मराठी व उर्दू वेबसाइटचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना जुने मराठी फॉन्ट ठाऊक असतील. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात साठवलेले असते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट फक्त त्या अक्षरावर मराठीचा सदरा चढवितो. फॉन्ट काढून घेतला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उरते. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, 'क'चा क्रमांक ०९१५. या पद्धतीने टाइप केलेला मजकूर जगातल्या कोणत्याही यंत्राला मराठी म्हणून वाचता येतो. तरीही अनेक वर्गांची माहितीपत्रके आजही जुन्या फॉन्टमध्ये छापखान्यात तयार होतात आणि त्यांचीच पीडीएफ वेबसाइटवर चढविली जाते. माणूस ती आरामात वाचतो. यंत्राच्या हाती मात्र भुसा लागतो.

उर्दूची अवस्था याहून बिकट आहे. १९९४ मध्ये इनपेज आले आणि हिंदुस्थानातील उर्दू छपाईचा कायापालट झाला, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रे व संस्था वर्षानुवर्षे आपला मजकूर चित्र म्हणून इंटरनेटवर टाकीत राहिल्या. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी कोणी मेहनतीने तयार केलेल्या नोट्सही अशाच चित्रांत अडकून पडल्या आहेत. आजचे एआय चित्रातील अक्षरे ओळखू शकते, हे खरे. तुम्ही फोटो पाठवून विचारले तर ते वाचूनही दाखवील. पण लाखो पाने भराभर चाळताना त्याचा वाचक-प्रोग्राम मुख्यतः मजकूरच उचलतो, प्रत्येक चित्र उघडून त्यातली अक्षरे लावीत बसत नाही. त्यात नस्तालीक लिपीतली अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात, ती ओळखणे यंत्राला अधिकच अवघड जाते.

आपली वेबसाइट यात कोठे बसते हे तपासावयास तज्ज्ञाची गरज नाही. मोबाइलवर पान उघडावे, फीची किंवा अभ्यासक्रमाची ओळ बोटाने दाबून धरावी, ती कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावी. ओळ जशीच्या तशी आली तर ठीक. वेडीवाकडी अक्षरे आली तर फॉन्ट जुना आहे, आणि ओळ निवडताच आली नाही तर ते बहुधा चित्र आहे. पीडीएफलाही हीच कसोटी लावावी.

आणखी एक प्रकार आहे, तो या कसोटीतून सुटतो. काही वेबसाइटचे पान सुरुवातीला कोरे असते. जावास्क्रिप्ट नावाचा प्रोग्राम चालला की मग त्यात मजकूर भरला जातो. आपल्या मोबाइलमध्ये तो क्षणात चालतो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. एआय कंपन्यांचे अनेक वाचक-प्रोग्राम तो चालवीतच नाहीत, ते कोरे पान पाहून परत जातात. शिक्षणाच्या चकचकीत वेबसाइटमध्ये हा दोष विशेष आढळतो. जे धडे फक्त ॲपमध्ये किंवा पासवर्डच्या आत असतात त्यांचेही तेच. शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोड विद्यार्थ्याला थेट धड्यावर नेतो, ती सोय मोठी आहे. पण यंत्र पुस्तकावर मोबाइल धरीत नाही. त्याला उघड्या पानावरून धड्याकडे जाणारा लिखित दुवा लागतो.

दाराची गोष्ट वेगळी. १९९४ पासून वेबसाइटच्या दारावर रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक चिठ्ठी ठेवण्याचा रिवाज आहे. कोणत्या यंत्राने आत यावे व कोणी येऊ नये, हे तीत लिहिलेले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या जीपीटीबॉट या वाचकाचे नाव जाहीर केले, तेव्हा अनेक मोठ्या वर्तमानपत्रांनी त्याला दार बंद केले. जुलै २०२५ पासून क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीने आपल्याकडे येणाऱ्या नव्या वेबसाइटना एआयचे वाचक मुळातच अडविण्याची व्यवस्था केली. मालकाला पत्ताही नसतो आणि त्याच्या दुकानाचे शटर अर्धे खाली असते. वेबसाइट बनविणाऱ्याला एवढेच विचारावे की एआयच्या वाचकांना आत येऊ देता की नाही. कोणत्याही जाणकाराला हे पाच मिनिटांत पाहता येते.

पण दार सताड उघडे ठेवावे काय? येथे धंद्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत चेग नावाची कंपनी विद्यार्थ्यांना गृहपाठाची उत्तरे पैसे घेऊन पुरवीत असे. मे २०२३ मध्ये, चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक येण्यावर परिणाम होत आहे, अशी कबुली तिच्या प्रमुखांनी दिली आणि कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने गूगलवर दावा लावला. गूगल आपल्याच पानावर एआयचे तयार उत्तर देते, त्यामुळे वाचक आमच्याकडे येतच नाही, अशी तिची तक्रार आहे. म्हणजे यंत्राला न दिसणे जसे नुकसानीचे, तसेच यंत्राने सगळा माल वाचून दाराबाहेर फुकट वाटणेही नुकसानीचे.

यावर आमचे मत असे की नमुना आणि माल यांत फरक करावा. केळीचा व्यापारी गिऱ्हाइकाला एक फणी दाखवितो, सगळे घड मोकळे करून देत नाही. कोणता अभ्यासक्रम, किती महिन्यांचा, कोणत्या भाषेत, फी किती, मुलींसाठी वेगळी वेळ आहे काय, शिकविणाऱ्याचा अनुभव किती, प्रमाणपत्र कोणाचे, ही माहिती उघड्या पानावर साध्या वाक्यांत असावी. दोन-तीन धडेही पूर्ण द्यावेत. बाकीचे धडे, सराव परीक्षा व शंकानिरसन आत ठेवावे. ज्या वर्गाची कमाई केवळ तयार उत्तरांवर आहे, त्याचा धंदा यापुढे टिकणे कठीण दिसते. शिवणयंत्रावर हात बसविणे किंवा बिघडलेला मोबाइल समोर उघडून दाखविणे हे काम यंत्र हिरावून घेऊ शकत नाही, आणि आपल्या कारागिरांचे बळ तेथेच आहे.

रावेरकरांसाठी एक खास अडचण सांगितली पाहिजे. गावाचे नाव रोमन लिपीत लिहिले की इंग्रजीत त्याच अक्षरांचा दुसराच शब्द होतो, त्याचा अर्थ रात्रभर नाचगाण्याच्या मेळाव्यांत रमणारा माणूस. यंत्राची गफलत होऊ नये म्हणून नुसते गावाचे नाव न देता 'रावेर, जिल्हा जळगाव, महाराष्ट्र, ४२५५०८' असा पूर्ण पत्ता मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहावा. बऱ्हाणपूर जवळ असल्याने मध्य प्रदेशातील विद्यार्थीही येत असतील तर तेही स्पष्ट लिहावे, हिंदीतून लिहिले तर अधिक चांगले. संस्थेचे नाव पाटीवर एक, वेबसाइटवर दुसरे आणि गूगलच्या नकाशावर तिसरे असू नये.

लिहावे मात्र खरे तेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. 'शंभर टक्के नोकरी', 'जिल्ह्यात पहिला क्रमांक' असे दावे यंत्र तपासून पाहीलच असे नाही. ते आपल्या शब्दांत आणखी दहा जणांना सांगते, आणि फसलेला पालक दोष यंत्राला नव्हे, तुम्हाला देतो.

हे सर्व केल्यावरही दुसऱ्याच दिवशी नाव दिसू लागेल असे नाही. महिन्यातून एकदा चॅटजीपीटी, जेमिनी व मेटा एआय यांना गिऱ्हाईक विचारील तशाच भाषेत विचारून पाहावे: 'रावेरमध्ये शिवणकाम उर्दूतून कोठे शिकवतात?' उत्तर काय आले ते तारखेसह वहीत टिपावे. चुकीचा पत्ता किंवा जुनी फी आली तर ती कोणत्या पानावरून उचलली हेही त्याच यंत्राला विचारावे. अनेकदा ते पान आपलेच, तीन वर्षांपूर्वीचे, विसरलेले निघते. ते आधी दुरुस्त करावे.