रिकाम्या खुर्चीचा गैरसमज

‘धन प्रभार उजवीकडे गेला काय किंवा ऋण प्रभार डावीकडे गेला काय, हिशेब एकच!’ क्लासच्या फळ्यावर आणि बारावीच्या नोट्समध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलं आहे. त्याचंच पुढचं पिल्लू म्हणजे अर्धवाहकातला ‘होल’ ही नाट्यगृहातली रिकामी खुर्ची. प्रेक्षक एकेक जागा डावीकडे सरकतात, रिकामी खुर्ची उजवीकडे गेल्यासारखी वाटते, पण खरे हलतात ते इलेक्ट्रॉनच. हे समजावायला सोपं आहे, ऐकायलाही बरं वाटतं. चुंबक आणला की मात्र ते साफ कोसळतं.

एक पातळ पट्टी कागदावर ठेवा. विद्युतधारा डावीकडून उजवीकडे जाते आहे आणि चुंबकीय क्षेत्र कागदात शिरतं आहे. वाहक धन असतील तर ते उजवीकडे जातात आणि त्यांच्यावर बल लागतं वरच्या कडेकडे. वाहक ऋण असतील तर ते डावीकडे जातात. प्रभाराचं चिन्ह उलटलं, वेगाची दिशाही उलटली, म्हणून बल पुन्हा वरच्या कडेकडेच! दोन्ही प्रकारचे वाहक एकाच कडेला गोळा होतात. ऋण जमले तर ती कड ऋण, धन जमले तर धन. दोन कडांमधलं विभवांतर मोजलं की चिन्हावरून वाहक कोणते ते कळतं. म्हणजे हिशेब एकच नाही.

आता खुर्चीवाल्यांना विचारतो: होलवाल्या, म्हणजे पी-टाइप नमुन्यात खरोखर इलेक्ट्रॉनच डावीकडे सरकत असतील, तर वरची कड ऋणच व्हायला हवी. मिलिव्होल्टमीटर उलट का दाखवतो?

बीएस्सीच्या प्रयोगशाळेत काय होतं ते पाहा. जर्मेनियमचा नखाएवढा तुकडा, त्याला चार बारीक वायरी, दोन्ही बाजूंना विद्युतचुंबकाचे ध्रुव. चुंबक बंद असतानाही मीटर थोडं व्होल्टेज दाखवतो, कारण कडांवरचे दोन जोड अगदी समोरासमोर बसलेले नसतात. ते वजा करायचं. मग क्षेत्र वाढवायचं. एन-टाइपनंतर पी-टाइप नमुना लावला की चिन्ह उलटतं, आणि हुशार विद्यार्थी काय करतो? ‘सर, वायरी उलट्या लागल्यात’ म्हणून त्या बदलून टाकतो! प्रयोग जे सांगायला बसला होता तेच पुसून टाकलं. दोष मुलाचा नाही, खुर्चीचा आहे.

खरं कारण क्वांटम यामिकीत आहे. संपूर्ण भरलेल्या व्हॅलन्स बँडमधून निव्वळ धारा शून्य असते. बँडच्या माथ्याजवळ इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान ऋण असतं, म्हणजे बल एका दिशेला आणि त्वरण उलट दिशेला; स्फटिकातल्या अणूंच्या जाळीचा हा प्रताप. तिथला एक इलेक्ट्रॉन काढला की उरलेल्या सगळ्यांची मिळून वागणूक धन प्रभार आणि धन वस्तुमान असलेल्या एका कणासारखी होते. नाट्यगृहातल्या प्रेक्षकांना ऋण वस्तुमान नसतं, म्हणून ती उपमा इथे टिकत नाही.

आणि हे फक्त अर्धवाहकांपुरतं नाही. ‘धातूत इलेक्ट्रॉनच, म्हणून चिन्ह कायम ऋण’ हेही घोकलेलं वाक्य. तांबं, चांदी, सोनं तसं वागतात. जस्त आणि कॅडमियम धन चिन्ह दाखवतात. हे कोडं रुडॉल्फ पायर्ल्स यांनी 1929 मध्ये बँडच्या सिद्धांतानं सोडवलं.

या विषयात थोरही चुकले आहेत. चुंबकाचं बल तारेवर लागतं, तिच्यातल्या धारेवर नव्हे, असं खुद्द मॅक्सवेल यांनी 1873 च्या आपल्या ग्रंथात बजावलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एडविन हॉल या विद्यार्थ्याला ते पटलं नाही. 1879 च्या ऑक्टोबरअखेर काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खात त्यानं आडवं विभवांतर मोजून दाखवलं; हाच तो हॉल परिणाम. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा 18 वर्षं बाकी होती.

आता किरकोळ माल.

‘धातूत हॉल परिणाम नसतोच.’ असतो, पण क्षीण. तांब्याच्या घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 8.5 × 10²² मुक्त इलेक्ट्रॉन असतात. 0.1 मिलिमीटर जाड पट्टीतून 1 अँपियर धारा सोडली आणि 1 टेस्ला क्षेत्र लावलं, तरी हाती एक मायक्रोव्होल्टही लागत नाही. 10¹⁶ वाहकांच्या, तेवढ्याच जाडीच्या अर्धवाहकात 1 मिलिअँपियरला सुमारे 6 मिलिव्होल्ट मिळतात. म्हणून ई-स्कूटरच्या थ्रॉटलमधला हॉल सेन्सर अर्धवाहकाचा असतो.

‘चुंबकामुळे इलेक्ट्रॉनचा वेग वाढतो.’ चुंबकीय बल वेगाला काटकोनात असतं. ते वळवतं, ऊर्जा देत नाही.

‘तारेजवळ चुंबक धरला की धारा कमी होते.’ नेहमीच्या तापमानाला 1 टेस्ला क्षेत्रात तांब्याचा रोध वाढतो तो साधारण लाखात एक भाग. तुमच्या फ्रिजवरचा चुंबक त्या क्षेत्राच्या पासंगालाही पुरत नाही.

आणि वीजमीटरवर चुंबक ठेवून बिल कमी करण्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी: आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेरच्या चुंबकाची नोंद ठेवू शकतात, आणि मीटरशी अशी छेडछाड विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरी ठरते.