मोरे वाम पाळायची तर कोणती?

घरात काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी गोल्डफिश, गप्पी आणि फार तर एंजलची एक जोडी, एवढ्यावर ती भागत असे. अलीकडे आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारी मंडळी घरी परततात आणि दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडतात. तीत खडक, प्रवाळ, रंगीबेरंगी समुद्री मासे असा सगळा थाट असतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा समुद्रापासून दूरच्या शहरांतही हे लोण पोहोचले आहे. अशी टाकी स्थिरस्थावर झाली की पुष्कळांना मोरे नावाच्या वामीचा मोह पडतो. दुकानात वीत-दीड वीत लांबीचे ते नक्षीदार पिल्लू पाहून लगेच पैसे मोजले जातात. मग वर्षभराने एक तर टाकीतले इतर मासे संपलेले असतात, नाही तर वाम कपाटामागे वाळून पडलेली सापडते.

या पानावर आम्ही एरवी गुरे, कोंबड्या, माड यांविषयी लिहितो. बाजारातून बैल आणताना आधी त्याचे दात पाहण्याची आपली रीत आहे. मोरे घेतानाही नेमके तेच करायचे असते, म्हणून हा विषय या पानाला परका नाही.

प्रथम नावाविषयी. पोर्तुगीज भाषेत या माशाला मोरेइया म्हणतात, त्यावरून इंग्रजीत मोरे हे नाव आले. आपल्या मोरे आडनावाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या बाजारात येणारी वाम ही तिची लांबची बहीण. सापासारखी दिसली तरी मोरे हा पुरा मासाच आहे. तिला कल्ले आहेत, पण अंगावर खवले नाहीत आणि बाजूचे पंखही नाहीत. अंग बुळबुळीत चिकट द्रवाने माखलेले असते. मालवण, गोवा आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट या भागांत पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना ती खडकाच्या कपारीतून डोके बाहेर काढून बसलेली दिसते. तोंड सारखे उघडते नि मिटते, त्यामुळे मुले म्हणतात की ती चावायला येते. खरे म्हणजे ती श्वास घेत असते. कल्ल्यांची भोके लहान असल्यामुळे तोंडाने पाणी आत ढकलत राहावे लागते. हिची हौस माणसाला फार जुनी. ड्रुससची पत्नी अँटोनिया हिने आपल्या आवडत्या मोरेला कुड्या घातल्या होत्या, असे रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले आहे. कुड्या कुठे अडकवल्या असतील, ते तीच जाणे!

आता दातांकडे वळू. मोरेच्या सुमारे दोनशे जाती आहेत, पण पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोनच गट पडतात. एका गटाचे दात सुईसारखे टोकदार असतात आणि आत, घशाकडे वळलेले असतात. या जाती मासे खाणाऱ्या. दुसऱ्या गटाचे दात बोथट, गोट्यांसारखे असतात. या जाती खेकडे व कोळंबी फोडून खातात, आणि पोट भरलेले असेल तर बेताच्या आकाराच्या माशांच्या सहसा वाटेला जात नाहीत. पहिल्या गटातील मोरे घरच्या टाकीत आणणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर बांधण्यासारखे आहे. दुकानदार काहीही सांगो, तोंडाचा आकार पाहावा. लांब निमुळता जबडा, मिटल्यावरही बाहेर दिसणारे दात, अशी खूण असली की ती मासेखाऊ समजावी. बोथट, आखूड मुस्कट असेल तर दुसऱ्या गटाची असण्याचा संभव अधिक.

दातांच्या मागे आणखी एक नवल आहे. मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतात. मोरे अरुंद कपारीत राहणारी, तिच्या डोक्याला तेवढा पसरण्यास वाव नाही. म्हणून पुढच्या जबड्याने भक्ष्य धरले की घशातला जबडा पुढे सरकतो, त्याला पकडतो आणि आत खेचून नेतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रीटा मेहता व पीटर वेनराइट यांनी २००७ साली हे प्रथम स्पष्ट करून दाखविले. माणसाचे बोट सापडले तरी यंत्र हेच चालते, हे पाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

बोथट दातांच्या गटात आमची पहिली पसंती स्नोफ्लेक मोरेला आहे. शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा. दुकानागणिक नावे बदलतात, म्हणून हे नाव कागदावर लिहून न्यावे. पांढुरके अंग, त्यावर काळे फुलोरे, फुलोऱ्यांत पिवळे ठिपके आणि नाकपुड्या पिवळ्या. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी महासागर ओलांडून थेट पॅसिफिकपर्यंत, उथळ पाण्यातल्या खडकांत ती आढळते. एक मीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे, पण टाकीत बहुधा साठ-सत्तर सेंटिमीटरवर थांबते. खाण्याला लवकर लागते, माणसाची सवय होते, आणि नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षे सहज जगते. म्हणजे मुलाच्या हट्टाखातर आणली, तर तो मुलगा कॉलेजात गेल्यावरही खेकडे आणण्याचे काम आईकडेच राहणार, हे धरून चालावे.

दुसरी झेब्रा मोरे. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, स्वभावाने आणखी शांत, पण लांबी दीड मीटरपर्यंत जाते. पाचशे लिटरच्या आतली टाकी असेल तर तिचा विचार करू नये.

इतर जातींविषयी थोडक्यात. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली हनीकोम्ब मोरे लहानपणी फार देखणी, पण पुढे माणसाच्या उंचीएवढी होते. जावा मोरे तर तीन मीटर आणि तीस किलोपर्यंत जाते. तिचे पिल्लू विकणाराच दोषी म्हणावा. ड्रॅगन मोरे महागडी आणि दातांनी भरलेली. गोल्डन ड्वार्फ नावाची वीतभरच वाढणारी पिवळी मोरे लहान टाकीला चांगली, मात्र ती क्वचित मिळते व किंमत पुष्कळ. ‘गोड्या पाण्यातली मोरे’ म्हणून जी विकतात ती बहुधा टाइल मोरे असते. गंगेच्या मुखाकडील मासा म्हणून हॅमिल्टन याने तिचे वर्णन १८२२ सालीच केले आहे. ती खाडीच्या मचूळ पाण्यातली आहे, निव्वळ गोड्या पाण्यात हळूहळू खंगत जाते.

रिबन ईल मात्र कोणीच घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फितीसारखी सडपातळ. लहानपणी काळी, मोठेपणी नर निळा-पिवळा, आणि पुढे त्याच नराची पिवळी मादी होते. दिसायला सर्वांत सुंदर हीच. परंतु टाकीत आणल्यावर बहुतेक वेळा ती अन्नच घेत नाही आणि काही आठवड्यांत उपाशी मरते. या जातींची पिल्ले शेतावर पैदा केली जात नाहीत. अंड्यातून निघालेले पानासारखे पारदर्शक पिल्लू कित्येक महिने समुद्रावर तरंगत असते, त्याला वाढवणे सोपे नाही. त्यामुळे दुकानातली मोरे ही समुद्रातून धरून आणलेली असते, आणि मेलेल्या एकीच्या जागी दुसरी धरली जाते.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. वाम खाते की नाही हे दुकानदाराकडून समोर करवून घ्यावे. कोळंबीचा तुकडा घेतला तरच पुढचे बोलणे. अंगावर ओरखडे, पांढरे डाग, धूसर डोळे, पोट आत गेलेले असेल तर सोडून द्यावी. कोणते औषध घातले तेही विचारावे. खवले नसल्यामुळे तांब्याचे औषध मोरेला बाधते, आणि त्याच पाण्यात प्रवाळ तर मरूनच जातात.

टाकी किमान तीनशे लिटरची हवी, म्हणजे साधारण चार फूट लांब, दीड फूट रुंद व पावणेदोन फूट उंच. पाण्याचेच वजन तीन क्विंटल, त्यात दगड व काच. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी गवंड्याला विचारावे. दगड वाळूवर न रचता तळाच्या काचेवर टेकवून पक्के बसवावेत, कारण मोरे खालून उकरते आणि ढीग तिच्याच अंगावर कोसळतो. प्लास्टिकच्या नळाचा तुकडा वाळूत पुरून ठेवला की तिला हक्काचे बीळ मिळते.

मीठ समुद्री मत्स्यालयाचे म्हणून जे मिळते तेच वापरावे. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीला साडेदहा किलो लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, तर दर खेपेस किलोभर. आगराचे मीठ चालणार नाही. मिठागरात मीठ धरते तेव्हा चुना आधीच खाली बसलेला असतो आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जाते. प्रवाळांना तर दोन्हीची गरज. गोव्यातील वाचक म्हणतील, समुद्र दाराशी आहे. पण पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी नद्यांच्या पाण्याने पातळ व गढूळ झालेले असते. आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ आटत नाही. टाकी भरल्यावर चार-सहा आठवडे थांबून, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करूनच मासे आणावेत. मोरे मांसाहारी असल्याने घाण फार करते. फेस काढणारे यंत्र तिच्यासाठी चैन नव्हे.

पाणी २४ ते २७ अंशांत राहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हे पाणी थंड करण्याच्या यंत्राशिवाय होत नाही. इंदूरसारख्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात. गोव्याच्या दमट हवेत तेवढा गुण येत नाही. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

झाकणाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण टाकीतल्या मोरे आजारापेक्षा पळून जाऊन मरतात असे ऐकिवात येते. स्नोफ्लेक मोरे कोरड्यावर येऊन भक्ष्य गिळू शकते, हे रीटा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली सिद्ध केले. घशातल्या जबड्यामुळे तिला गिळायला पाणी लागत नाही. अशा प्राण्याला बाहेरच्या जगाचे भय कमीच. जिथून तिचे डोके जाते तिथून सारे अंग जाते. नळी व वायर आत येते तिथली फट हमखास विसरली जाते, ती स्पंजाने किंवा जाळीने बुजवावी. काचेच्या झाकणाने उष्णता कोंडते, म्हणून चौकटीत ताणून बसवलेली बारीक जाळी बरी. तिला चारी बाजूंनी चाप लावावेत. नुसती वर ठेवलेली जाळी वाम डोक्याने उचलते.

प्रवाळांना मोरे खात नाही. पण त्यांच्यामध्ये वावरणाऱ्या कोळंब्या व खेकडे ती एकेक करून संपवते, आणि सैल ठेवलेले तुकडे शेपटीने पाडते. प्रवाळांबाबत कायदाही माहीत असावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून आहेत. मालवण, कच्छचे आखात, लक्षद्वीप कुठूनही ते काढणे, विकणे वा बाळगणे गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. परदेशी म्हणून दाखवलेल्या प्रवाळाची कागदपत्रे पाहिल्याशिवाय हात लावू नये. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे खडक आता मिळतात. मोरेला त्यांत काही उणे वाटत नाही.

खाणे आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. कोळंबी, खेकड्याचे तुकडे, माकूल, तिसऱ्यांचा गर आलटून पालटून द्यावा. एकाच प्रकारावर ठेवल्यास जीवनसत्त्वांची उणीव येते. नवी आणलेली वाम दोन-तीन आठवडे खात नाही, तेव्हा घाबरू नये. दिवे मालवून लहान जिवंत खेकडा सोडून पाहावा. तुकडा नेहमी लांब चिमट्याने द्यावा, हाताने कधीही नाही. तिची नजर अधू, ती वासावर धावते आणि कोळंबीचा वास लागलेले बोट तिला कोळंबीच वाटते. थायलंडमधील सिमिलान बेटांजवळ २००५ साली हाताने सॉसेज भरविणाऱ्या एका पाणबुड्याचा अंगठा जावा मोरेने तोडला. स्नोफ्लेकचे दात त्या मानाने काहीच नाहीत, तरी चावली तर हिसका देऊ नये. हात पाण्यातच स्थिर ठेवावा, ती सोडते. जखम साबण व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे, आणि हळद भरून घरी न बसता डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी त्याच दिवशी जावे.

विकत घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवावे की मोठी झाली वा आपल्याकडून निभेना, तर तो परत घेईल काय. समुद्रात किंवा खाडीत नेऊन सोडू नये. दुसऱ्या देशातून आलेली वाम आपल्याबरोबर तिकडचे रोग घेऊन येते. आणि इंदूर-हैदराबादच्या तलावात सोडली तर ती फार काळ जगत नाही.