सेझानचा वारसा : रझा आणि मर्ढेकर

युरोपीय कलावंतांच्या वारशाविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा चर्चा बहुधा एकाच वळणावर येऊन अडते. आपल्या चित्रकाराने पाश्चात्त्यांचे अनुकरण केले की आपले स्वत्व राखले, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या स्वभावानुसार आधीच ठरलेले असते. या प्रश्नात एक गृहीत लपलेले आहे. वारसा म्हणजे एखादी तयार वस्तू असून ती एका हातातून दुसऱ्या हातात जशीच्या तशी जाते, हे ते गृहीत होय. पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराचा वारसा मराठी मुलखात कसा पोहोचला याचा शोध घेतला, तर हे गृहीत टिकत नाही. तो दोन वाटांनी आला. एक वाट नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईमार्गे पॅरिसला गेली. दुसरी लंडनहून थेट मराठी समीक्षेत उतरली. या दोन वाटा एकमेकींना प्रत्यक्ष कधी भेटल्या नाहीत. समीक्षेने त्या अद्याप पुरेशा जोडलेल्या नाहीत, म्हणून हा विषय येथे मांडण्याजोगा वाटतो.

सेझानचा जन्म 1839 साली दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी झाला. वडील सधन, पुढे पेढीचे मालक. मुलाने कायदा शिकावा ही त्यांची इच्छा. कादंबरीकार एमिल झोला हा शाळेतला सोबती. कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून सेझान पॅरिसला गेला. तेथील अधिकृत प्रदर्शनाने त्याची चित्रे वारंवार नाकारली. 1872 च्या सुमारास पिसारोच्या सहवासात तो उघड्यावर निसर्ग रंगवू लागला आणि 1874 च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. येथपर्यंतची हकीकत त्या पिढीतील इतरांच्या हकीकतीहून फारशी निराळी नाही. निराळेपण आहे ते त्याच्या असमाधानात. क्षणोक्षणी पालटणारा प्रकाश टिपताना डोंगराचा भारदस्तपणा आणि फळाचे घट्टपण हरवते, हे त्याला खुपत होते. मग छायाप्रकाशाची चढउतार दाखवून वस्तूला गोलाई देण्याची जुनी रीत त्याने सोडली आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या रंगांच्या लहान पट्ट्यांतून, उष्ण व शीत छटांच्या फरकातून, तो वस्तूचे घनत्व उभे करू लागला. टेबलाची कड कापडाच्या डावीकडे एका पातळीवर आणि उजवीकडे दुसऱ्याच पातळीवर निघते, याचे त्याला सोयरसुतक नव्हते. चित्राच्या पृष्ठभागावर रेषा व रंग एकमेकांना तोलून धरतात की नाही, एवढेच तो पाहत असे. एक्सजवळचा सेंत व्हिक्त्वार हा एकच डोंगर त्याने वर्षानुवर्षे पुनःपुन्हा रंगविला. 1906 च्या ऑक्टोबरात बाहेर चित्र काढीत असताना तो वादळात सापडला आणि काही दिवसांतच निवर्तला. पुढील वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. पिकासो आणि ब्राक यांच्या घनवादाला त्यातून कोणते बळ मिळाले, हे आता सर्वज्ञात आहे.

या कलेचे मर्म हिंदुस्थानातील कलाशाळांतून शिकविले जात नव्हते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना 1857 सालची. तिच्या शिक्षणाची बैठक विलायती अकादमीच्या वास्तववादी रेखनावर होती. प्रतिमेचे साधर्म्य, यथादर्शन, शरीररचना, पारदर्शक जलरंगातील निसर्गदृश्ये हा तेथला भक्कम अभ्यास, आणि त्यातून उत्तम कारागीर निर्माण झाले हेही खरे. परंतु चित्र म्हणजे दिसलेल्याची नोंद नसून एक बांधणी आहे, हा विचार त्यात गौण होता.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील जंगलखात्यात नोकरीस. शालेय शिक्षणानंतर 1939 ते 1943 या काळात ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि ज्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नाव पुढे 1955 नंतर पोलादाच्या कारखान्यामुळे देशभर झाले, तोही जिल्हा याच प्रांतात मोडत असे. सातपुड्याच्या आणि छत्तीसगडच्या रानातील मुलगा असो की वऱ्हाडातील, त्याला कलाशिक्षणासाठी जवळचे मोठे शहर म्हणजे नागपूर. प्रांतांच्या सीमा 1956 साली बदलल्या आणि रझांना मध्य प्रदेशाचे चित्रकार म्हणण्याची रीत पडली. मराठी कलासमीक्षेनेही त्यांचा नागपूरचा काळ चरित्राच्या एका ओळीत उरकला. हे काहीसे कृतघ्नपणाचे आहे. त्याच प्रांतातील अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे हेही पुढे रझांबरोबर एकाच गटात आले, ही गोष्ट निव्वळ योगायोगाची मानता येत नाही.

मुंबईत आल्यावर रझा एका छपाईविषयक स्टुडिओत काम करीत आणि उरलेल्या वेळात शहराचे रस्ते जलरंगांत उतरवीत. याच सुमारास नाझी राजवटीच्या छळामुळे मायदेश सोडलेले तीन युरोपीय गृहस्थ मुंबईत होते : टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक असलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन आणि चित्रसंग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगर. तरुण चित्रकारांना त्यांच्याकडे आधुनिक युरोपीय चित्रांच्या छापील प्रतिकृती पाहता येत, त्यांवर बोलता येई, आणि कधी आपले चित्रही विकता येई. युरोपीय कलेचा वारसा साम्राज्याच्या शाळेतून जितका आला त्याहून अधिक निर्वासितांच्या दिवाणखान्यातून आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. 1947 साली सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला.

1948 साली रझा काश्मीरला गेले. तेथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची गाठ पडली. त्यांनी चित्रे पाहून जे मत दिले ते रझा पुढे आयुष्यभर सांगत असत. त्याचा आशय असा : हाताला गुण आहे, रंगाची जाण आहे, पण चित्राला बांधणी नाही, घराला जसा पाया, भिंती व तुळया लागतात तशा चित्रालाही लागतात, सेझानचा अभ्यास करा. ज्याच्या चित्रांविषयी हे बोलले गेले त्याची आई 1947 मध्ये आणि वडील 1948 मध्ये वारले होते आणि फाळणीने बहुतेक आप्त पाकिस्तानात गेले होते. पाया आणि भिंती यांविषयीचे ते शब्द त्याच्या मनात इतके खोल का रुतले असावेत, याची कल्पना करणे कठीण नाही. मुंबईस परतताच त्यांनी फ्रेंच शिकण्यास आरंभ केला आणि 1950 साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले.

1951 मधील ‘ओ द कान्य’ या चित्रात या अभ्यासाचे पहिले फळ दिसते. मुंबईच्या जलरंगांतील ओलसर, पसरता रंग येथे नाही. टेकडीवरची घरे ठोकळ्यांसारखी एकमेकांना भिडून बसली आहेत. माणूस कोठेही नाही. गंमत अशी की सेझानचा रंगपट्ट्यांचा कंप या चित्रात जवळजवळ नाहीच. कडा कठोर आहेत, रंग सपाट आहे आणि त्यात पहाडी लघुचित्रांची आठवण अधिक होते. म्हणजे सेझानची ‘रीत’ रझांनी घेतली नाही. त्याने विचारलेला प्रश्न घेतला. चित्रातील प्रत्येक भाग दुसऱ्याला कशाने धरून ठेवतो हा तो प्रश्न, आणि उत्तर त्यांनी आपल्या आठवणीतून काढले. 1956 साली पॅरिसच्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला.

याच 1956 च्या मार्च महिन्यात बाळ सीताराम मर्ढेकर निवर्तले आणि त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला त्याच वर्षी साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. मर्ढेकर 1929 साली इंग्लंडला गेले तेव्हा तेथील कलाविचारावर रॉजर फ्राय आणि क्लाइव्ह बेल यांची छाया होती. फ्राय यांनीच 1910 च्या लंडनमधील प्रदर्शनातून सेझानला इंग्रज रसिकांपुढे आणले आणि 1927 साली त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. चित्राचे मोल त्यातील विषयात नसून रेषा-रंगांच्या परस्परसंबंधांत आहे, हा त्यांचा रूपवाद सेझानच्या चित्रांसमोर उभे राहून घडला होता. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचे या रूपवादाशी असलेले नाते उघड आहे. परंतु बेल ‘अर्थपूर्ण रूप’ असे म्हणून थांबले. ते रूप कशाने अर्थपूर्ण होते याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. मर्ढेकर पुढे गेले. घटकांची संघटना संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी होते असे त्यांनी सांगितले. कार्तिए-ब्रेसाँ ज्याला बांधणी म्हणत होते, त्याचीच ही मराठीतील शास्त्रीय मांडणी होय. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या 1974 च्या ग्रंथात रूपवादाची कठोर छाननी केली आणि त्यानंतर मर्ढेकरांच्या लयतत्त्वांचा उपयोग चित्रासमोर उभे राहून करण्याची प्रथा मराठीत फारशी उरली नाही. तसा उपयोग करून पाहण्यास रझांइतके योग्य उदाहरण दुसरे नाही.

1962 साली कॅलिफोर्नियात असताना रझांनी मार्क रॉथकोची चित्रे पाहिली आणि त्यांचा रंग पुन्हा मोकळा झाला. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांत काळे वर्तुळ मध्यभागी आले. ककैया येथील शाळेत गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवर ठिपका काढून त्याकडे एकटक पाहण्यास बसविले होते, त्या आठवणीशी रझा हा ‘बिंदू’ जोडीत. या टप्प्याला ‘स्वदेशी परतणे’ असे नाव देण्याचा प्रघात आहे आणि तो दिशाभूल करणारा आहे. चौकोनात बसविलेला बिंदू, त्याभोवतीच्या पट्ट्या, खालून वर व वरून खाली येणारे त्रिकोण यांत तंत्रशास्त्रातील संकेत आहेत हे खरे. पण ते कॅनव्हासवर उभे राहतात ते पॅरिसला कमावलेल्या तोलाच्या बळावर. संकेत परंपरेचे, तुळया सेझानच्या.

लयतत्त्वांची कसोटी लावली की या काळातील चित्रांची प्रतवारीही करता येते. 1983 मधील ‘सौराष्ट्र’ हे दोन मीटर लांबरुंद चित्र घ्यावे. लाल, केशरी, काळ्या रंगांचे झपाट्याने ओढलेले फराटे आणि त्यांना आवरून धरणारी चौकटींची भूमिती यांच्यात येथे खरा विरोध आहे, आणि म्हणूनच समतोल हा मिळविलेला वाटतो. 2010 च्या लिलावात या चित्राला 16 कोटी रुपयांहून अधिक किंमत आली, त्याचा या गुणाशी संबंध नाही. अखेरच्या वर्षांतील पुष्कळ बिंदूचित्रांत मात्र रंगाच्या पट्ट्या सम अंतराने एकमेकींत बसलेल्या असतात. संवाद आहे, विरोध संपलेला आहे. समतोल आधीच ठरलेला असल्यामुळे डोळ्याला करण्यासारखे काही उरत नाही. रझांच्या भक्तांनी याला ध्यान म्हटले आहे, विरोधकांनी पुनरावृत्ती. मर्ढेकरांच्या परिभाषेत दोष नेमका सांगता येतो, आणि तो सांगितल्याने आधीच्या चित्रांचे मोल कमी होत नाही.

मात्र ही परिभाषाही एका ठिकाणी अडते. 1981 च्या ‘माँ’ या चित्रावर रझांनी अशोक वाजपेयी यांच्या कवितेतील एक ओळ देवनागरीत लिहिली आहे. मर्ढेकरांच्या मते वाङ्मयाचे माध्यम म्हणजे भावनात्मक अर्थ, तर चित्राची सामग्री रंग-रेषांची संवेदना. या चित्रात दोन्ही एकाच पृष्ठभागावर येतात. ती ओळ केवळ रेषांचा पट्टा म्हणून पाहावी, तर तिचे अक्षर ओळखीचे असल्यामुळे ते शक्य होत नाही. अर्थ म्हणून वाचावी, तर ती जेथे लिहिली आहे ती चित्रातील जागा तिच्या अर्थात शिरते. देवनागरी न येणाऱ्या फ्रेंच प्रेक्षकाला तो रेषांचा पट्टाच दिसतो. म्हणजे एकाच चित्राच्या दोन संघटना संभवतात, आणि माध्यमाची शुद्धता हा आधार घेतलेल्या सिद्धान्तापाशी त्यांपैकी खरी कोणती हे ठरविण्याचे साधन नाही. पाटणकरांच्या आक्षेपाचे बळ येथे जाणवते, आणि ते तर्कातून नव्हे तर चित्रातून जाणवते, हे विशेष.

रझा 2010 च्या अखेरीस दिल्लीस परतले आणि 23 जुलै 2016 रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे दफन मंडला येथे वडिलांच्या शेजारी झाले. त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच गटातील दोघांविषयी असे म्हणता येत नाही. विज्ञानाचे पदवीधर असलेले गाडे 2001 साली गेले. त्यांच्या निसर्गदृश्यांतील घनवादी रचना ही सेझानच्या वारशाची तिसरी आणि कदाचित अधिक सरळ वाट आहे. ते भारतातच राहिले, म्हणून की काय, त्यांच्या चित्रांची चर्चा थोडी झाली. सदानंद बाकरे हे गटातील शिल्पकार. 1951 मध्ये ते लंडनला गेले, तेथे शिल्पाकडून चित्राकडे वळले, 1975 मध्ये परतले आणि कोकणात मुरूड येथे राहिले. 2007 साली त्यांचे निधन झाले. शिल्प सोडून रंगाकडे वळलेल्या हाताने घनत्वाचा प्रश्न सपाट पृष्ठभागावर कसा सोडविला, याचा तपास मराठीत अजून नीट झालेला नाही.