हिमगौरीची सख्खी आई

डिस्नेचा नवा ‘स्नो व्हाइट’ मार्च २०२५मध्ये आला आणि पाठोपाठ भांडणंही आली. नायिकेचा रंग, बुटके, राजपुत्राला मिळालेली रजा. या सगळ्यावर पुरेसं बोलून झालंय. मला अडलं ते एका वाक्यापाशी, जे तावातावानं सारखं म्हटलं गेलं: मूळ गोष्टीला हात लावू नका.

कुठली मूळ गोष्ट? बहुतेकांच्या मनात असतो तो डिस्नेचाच १९३७चा चित्रपट. राजपुत्राच्या चुंबनानं जागी होणारी हिमगौरी ग्रिम बंधूंच्या पुस्तकात नाहीच. तिथे शवपेटी वाहणारे नोकर ठेचकाळतात आणि त्या हिसक्यानं तिच्या घशातला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. पण हीदेखील नंतरची दुरुस्ती. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत शवपेटी इकडून तिकडे नेऊन वैतागलेला एक नोकर तिच्या पाठीत धपाटा घालतो, आणि ती उठून बसते.

त्याच आवृत्तीतली दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुलीच्या रूपावर जळणारी आणि शिकाऱ्याला तिला मारून यायला सांगणारी राणी ही तिची सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी म्हणून आस लावून बसलेली जी, तीच ही. १८१९च्या आवृत्तीत ती आई बाळंतपणात मरते, राजा दुसरं लग्न करतो आणि दुष्टपणाचा सगळा भार सावत्र आईवर जातो. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून देण्याचा हट्ट धरणारी बाईही आधी त्यांची आईच होती. १८४०मध्ये तिलाही सावत्र केलं गेलं.

हे बदल मुख्यतः धाकट्या भावाचे, विल्हेल्मचे. पहिलं पुस्तक अभ्यासकांच्या थाटाचं होतं, मागे टिपा जोडलेलं. हे मुलांच्या हाती द्यायचं कसं, अशी तक्रार लगेच झाली. मग १८२३मध्ये एडगर टेलर यांचं इंग्रजी भाषांतर क्रुकशँकच्या चित्रांसह निघालं आणि चांगलं खपलं. ते पाहून ग्रिम बंधूंनी १८२५मध्ये निवडक ५० कथांचं छोटं सचित्र पुस्तक काढलं. गोष्टी घराघरांत पोचल्या त्या यानंतर. घरात पोचायचं तर आईची मूर्ती डागाळलेली चालणार नव्हती. माझे कपडे हल्ली घट्ट का होतात, हा रपुन्झेलचा भाबडा प्रश्नही गेला, कारण तो तिच्या पोटातल्या बाळाची चाहूल देत होता. क्रौर्याला मात्र त्यांनी कात्री लावली नाही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे फोडणारी कबुतरं १८१२मध्ये नव्हती, ती पुढच्या आवृत्तीत आली.

या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये सर्वांत महाग पडली ती सावत्र आईची, असं माझं स्पष्ट मत आहे. गेली दोनशे वर्षं मुलं ती ऐकत आली आहेत. आज आपल्या आसपास कितीतरी घरांत दुसऱ्या लग्नानं आलेली आई मुलांचे डबे भरते, अभ्यास घेते, आणि गोष्टीच्या पुस्तकात तिच्यासाठी एकच जागा राखलेली असते.

म्हणजे गोष्टी बदलूच नयेत का? बदलाव्यात. सांगणारा बदलला की गोष्ट बदलणारच. फक्त काय काढलं आणि कशासाठी, हे विचारायला हवं. क्रुकशँकनं पुढे परीकथांमध्ये दारूबंदीचा प्रचार घुसवला, तेव्हा चार्ल्स डिकन्सनं १८५३मध्ये जाहीर लेख लिहून त्याला झोडपलं. आपल्याकडे तात्पर्याचा सोस त्याच जातीचा. आणि हॅन्सेल-ग्रेटेलच्या कितीतरी गुळगुळीत आवृत्त्यांत मुलं नुसती वाट चुकतात. मुळात घरात दुष्काळ आहे, चौघांना पुरेल एवढी भाकर नाही. ती भूक काढली की ग्रेटेलचं शौर्यही उणावतं. मुलांना भूक कळते. त्यांच्यापासून ती लपवण्यात त्यांचं कसलंच भलं नाही.

इथे मला ॲना लिबराता डिसूझा आठवते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या घरची आया. पूर्वज लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेले. १८६५-६६च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर तिनं गव्हर्नरांची मुलगी मेरी हिला आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरीनं टिपणं घेतली, गोष्ट लिहून काढली आणि ॲनाला वाचून दाखवून तपशील बरोबर असल्याची खात्री करून घेतली. १८६८मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ निघालं. त्यातल्या सोदेवाबाईची सोन्याची मोजडी डोंगरावरून पडते, ती एका राजपुत्राला सापडते आणि तो तिचा शोध घेतो. पण तिचा जीव गळ्यातल्या माळेत आहे आणि लग्नानंतर तिची सवत ती माळ चोरवते. सिंड्रेलाच्या गोष्टीला लग्नापुढे जायला सुचत नाही. ही गोष्ट संसारातल्या धोक्यापर्यंत जाते.

मला या पुस्तकाचं मोठेपण आणखी एका गोष्टीत वाटतं. मेरीनं ॲनाची जीवनकहाणी तिच्याच तोंडून घेऊन पुस्तकात छापली. ग्रिम बंधूंना गोष्टी सांगणाऱ्यांपैकी डोरोथिया फीमानचा प्रस्तावनेत गौरव झाला. बाकी कित्येकींची नावं त्यांच्या स्वतःच्या प्रतीतल्या हस्तलिखित नोंदींतच राहिली.

आणि आपल्या दुकानांतली रंगीत, गुळगुळीत कागदाची परीकथांची पुस्तकं? त्यांतल्या अनेकांवर गोष्ट कोणी सांगितली याचं नावच नसतं. सावत्र आई कोणी ठेवली, भूक कोणी काढली, हे विचारायचं कोणाला? मराठी प्रकाशकांना एवढीच विनंती आहे: पुनर्कथन करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर छापा आणि गोष्ट कोणत्या आवृत्तीवरून घेतली ते आत एका ओळीत सांगा. आणि पालकहो, ते नाव नसेल तर पुस्तक घेण्याआधी दुकानदाराला विचारा.