टॉर्क स्टिअर

पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीने जोरात वेग घेताना तिचे स्टिअरिंग आपोआप एका बाजूस ओढले जाणे, यास टॉर्क स्टिअर म्हणतात. अरुंद रस्त्यावर पुढील वाहनास ओलांडताना ही ओढ धोकादायक ठरू शकते. इंजिनाची ताकद वाढवलेल्या मोटारींत ती विशेष जाणवते.

कारण

अशा बहुतेक मोटारींत इंजिन आडवे असून गिअरबॉक्स त्याच्या एका टोकास असतो. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन ड्राइव्हशाफ्ट असमान लांबीचे होतात. भारतात १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० याच रचनेची होती.

साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ समान टॉर्क देतो. फरक असतो तो कोनाचा. आखूड शाफ्ट अधिक तिरका राहतो आणि सांध्यातील कोनामुळे चाकास वळवणारे परिबल निर्माण होते. प्रत्येक चाकावर १,००० न्यूटन-मीटर टॉर्क असून सांध्यांचे कोन ४ व ८ अंश असल्यास ही परिबले सुमारे ३५ व ७० न्यूटन-मीटर होतात. ती परस्परविरुद्ध असल्याने सुमारे ३५ न्यूटन-मीटरची ओढ शिल्लक राहते. टॉर्क दीडपट केल्यास ही ओढही दीडपट होते.

फेरबदलांचा परिणाम

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेल्या अबार्थ पुंटोचे (२०१५) टर्बो इंजिन मूळ स्वरूपात २१२ न्यूटन-मीटर टॉर्क देते. अशा इंजिनांचा टॉर्क केवळ सॉफ्टवेअर बदलून वाढवता येतो. शाफ्ट व सस्पेन्शन मात्र मूळचेच राहतात. गाडीची उंची कमी केल्याने शाफ्टचे कोन बदलतात. चाके मूळ जागेपेक्षा बाहेर काढल्यास रस्त्याचा प्रत्येक ओढा स्टिअरिंगपर्यंत अधिक पोहोचतो.

उपाय

प्रथम दोन्ही टायरांचा प्रकार, झीज व हवा समान आहे का, हे पाहतात. त्यानंतर सस्पेन्शनचे बुश, इंजिनाचे माउंट व चाकांचे अलाइनमेंट तपासतात. पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क मर्यादित ठेवणे हा परिणामकारक उपाय आहे. लांब बाजूस मधला शाफ्ट व आधाराचे बेअरिंग बसवून दोन्ही शाफ्ट समान लांबीचे करता येतात. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये ‘रेव्होनकल’ रचनेद्वारे चाक वळण्याचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ आणला. मर्यादित घसरणीचा डिफरेन्शियल पकड वाढवतो. परंतु दोन चाकांवरील टॉर्क असमान झाल्यास त्यामुळे ओढ वाढूही शकते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात सर्वसाधारणपणे करता येत नाही.